सुट्ट्या पैशांतली दुर्मीळ नाणी-नोटा : काय शोधावे, काय सोडून द्यावे

वैष्णोदेवीची प्रतिमा असलेले पाच किंवा दहा रुपयांचे नाणे जवळ असेल तर घरबसल्या लाखो रुपये मिळतील. ट्रॅक्टरचे चित्र असलेल्या पाच रुपयांच्या नोटेवर ७८६ हा आकडा असेल तर नशीबच उघडले, अशा आशयाचे संदेश गेली अनेक वर्षे मोबाइलवरून फिरत आहेत. यातील नाणे खरे आहे. श्री माता वैष्णोदेवी देवस्थान मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त २०१२ साली केंद्र सरकारने ते काढले. परंतु ते रोजच्या व्यवहारासाठी, मोठ्या संख्येने पाडलेले नाणे होते आणि आजही ते किराणा दुकानाच्या गल्ल्यात सापडते. जी वस्तू कोणालाही सहज मिळते तिच्यासाठी लाख रुपये मोजणारा ग्राहक कुठून येणार, एवढा साधा प्रश्न हा संदेश पुढे पाठवणारा स्वतःला विचारत नाही.

तरीही रोजच्या चलनात शोधण्यासारखे काहीच नसते, असे मात्र नाही. नाण्यांवरच्या बारीक खुणा, नोटांवरच्या सह्या, क्रमांक, छपाईतल्या चुका यांचा अभ्यास करून सुट्ट्या पैशांतून उत्तम संग्रह उभा करणारे हौशी संग्राहक मुंबई-पुण्यापासून लहान गावांपर्यंत आहेत. हा छंद स्वस्त आहे. दहाच्या नोटेतून काही निघाले नाही तरी तिचे दहा रुपये कुठे जात नाहीत. पैसे बुडतात ते दुसरीकडे, त्याचा तपशील पुढे येईलच.

वय म्हणजे किंमत नव्हे

नाणे जुने म्हणजे मौल्यवान, हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धातूच्या टंचाईमुळे पाडलेला भोकाचा पैसा आज ऐंशी वर्षांचा झाला, पण तो इतक्या प्रचंड संख्येने पाडला गेला होता की आजही कोणत्याही नाणे विक्रेत्याकडे तो ढिगाने मिळतो. महाराष्ट्रात घरोघरी देव्हाऱ्यात किंवा फडताळात आढळणाऱ्या तांब्याच्या शिवराईचीही गोष्ट तशीच. शिवछत्रपतींच्या काळापासून पेशवाईच्या अखेरीपर्यंत आणि त्यानंतरही काही काळ शिवराई चलनात राहिली, अनेक ठिकाणी पाडली गेली. तिचे काही प्रकार खरोखरच दुर्मीळ आहेत; परंतु घरात सापडलेली झिजकी शिवराई बहुधा नंतरच्या काळातील सर्वसाधारण प्रकाराची असते. तिचे ऐतिहासिक मोल निराळे आणि बाजारातला भाव निराळा.

किंमत ठरते ती तीन गोष्टींवर. किती प्रती शिल्लक आहेत, हातातली प्रत कोणत्या अवस्थेत आहे आणि ती हवी असणारे किती जण आहेत. ब्रिटिश काळातला १९३९ सालचा चांदीचा रुपया याचे ठळक उदाहरण आहे. त्याच्या आधीचे आणि नंतरचे रुपये सराफाकडे चांदीच्या भावाने विकले जातात. १९३९ चा मात्र अत्यंत दुर्मीळ असल्याने त्याला मोठी किंमत येते. साहजिकच त्याच्या बनावट प्रतीही बाजारात भरपूर आहेत. पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयाची कथा तर रंजकच आहे. राजाच्या वस्त्रावरील साखळीतला हत्ती डुकरासारखा दिसतो, अशी लोकांची तक्रार झाली आणि पुढच्याच वर्षी चित्र सुधारून नवा रुपया काढावा लागला. त्यामुळे एका वर्षापुरता राहिलेला तो रुपया संग्राहकांच्या यादीत कायमचा बसला. अर्थात हे दोन्ही रुपये आज रिक्षावाल्याने परत दिलेल्या सुट्ट्यांत सापडणार नाहीत. ते सापडले तर आजोबांच्या पेटीतच.

नोटांचे क्रमांक आणि थोडे गणित

रोजच्या व्यवहारात हाती येणाऱ्या वस्तूंपैकी शोधाला सर्वांत अनुकूल वस्तू म्हणजे नोट. भारतीय नोटेवर आधी अंक-अक्षरांचा एक गट असतो आणि त्यापुढे सहा आकडी क्रमांक. एका गटात ००००१ च्या मागे आणखी एक शून्य, म्हणजे ०००००१ पासून दहा लाखांपर्यंत नोटा येऊ शकतात. या दहा लाखांत १११११ नव्हे तर सहाच्या सहा आकडे सारखे, म्हणजे ११११११, २२२२२२ असे क्रमांक फक्त नऊ. सुमारे एक लाख अकरा हजार नोटांमागे अशी एक नोट येते. १२३४५६ हा क्रमांक एका गटात एकदाच. ०००००१ आणि शेवटची, सात आकड्यांची १०००००० क्रमांकाची नोट याही एकेकच. अशा कोऱ्या नोटांना संग्राहक खरोखरच चांगली किंमत देतात.

आता ७८६ कडे पाहू. मुस्लिम समाजात हा आकडा ‘बिस्मिल्ला’चे प्रतीक म्हणून पवित्र मानला जातो आणि तो असलेली नोट अनेक जण श्रद्धेने पाकिटात जपून ठेवतात. श्रद्धेचा आदर राखूनही गणित मांडायला हरकत नसावी. सहा आकड्यांत ७८६ हे लागोपाठचे तीन आकडे चार ठिकाणी बसू शकतात आणि प्रत्येक ठिकाणी उरलेल्या तीन आकड्यांच्या एक हजार जोडण्या होतात. म्हणजे दहा लाख नोटांत जवळजवळ चार हजार नोटा अशा असतात, दर अडीचशे नोटांमागे एक. बऱ्यापैकी चालणाऱ्या दुकानात ती दर काही दिवसांनी येऊन जात असली पाहिजे. शेवटी ७८६ असलेली हवी असेल तर हजारात एक. पुढून आणि मागून सारखा वाचता येणारा क्रमांक, उदाहरणार्थ ४७२२७४, हाही हजारात एकच. दोन्ही नोटांना हौसेपोटी दर्शनी मूल्यापेक्षा थोडे अधिक मिळू शकते. घर घेण्याइतके नाही.

क्रमांकात तारा असलेल्या नोटेविषयीही बराच गोंधळ आहे. २००६ पर्यंत कोऱ्या नोटांच्या शंभराच्या पुडक्यात सलग क्रमांक असत आणि छपाईत एखादी नोट खराब झाली तर त्याच क्रमांकाची नोट पुन्हा छापावी लागे. हा खटाटोप वाचवण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २००६ साली दहा, वीस आणि पन्नासच्या नोटांपासून ‘तारा मालिका’ सुरू केली. खराब नोटेच्या जागी अक्षरगट आणि क्रमांक यांच्यामध्ये तारा असलेली नोट घालायची, अशी ही पद्धत. ताऱ्याची नोट बनावट असल्याची अफवा २०२३ च्या जुलैत इतकी पसरली की या नोटा पूर्णपणे वैध असल्याचा खुलासा बँकेला करावा लागला. संग्राहकांना या नोटा हव्या असतात, कारण त्या सर्वसाधारण नोटांपेक्षा कमी असतात; पण सर्वच तारांकित नोटा दुर्मीळ नाहीत. ज्या अक्षरगटात त्या थोड्या छापल्या गेल्या त्यांनाच मागणी असते आणि ते कळण्यासाठी संग्राहकांच्या सूची पाहाव्या लागतात.

सही कोणाची?

नोटेवरची सही बहुतेक जण वाचत नाहीत. वास्तविक नोटेचा काळ ठरवण्याची ती सोपी खूण आहे. रिझर्व्ह बँकेची स्थापना १९३५ ची, पण तिची स्वतःची पहिली नोट १९३८ च्या जानेवारीत निघाली. त्यामुळे पहिले गव्हर्नर सर ऑस्बोर्न स्मिथ यांची सही एकाही नोटेवर नाही. पहिले भारतीय गव्हर्नर सी. डी. देशमुख यांची सही सहाव्या जॉर्जचे चित्र असलेल्या नोटांवर आहे. अशी नोट एखाद्या मराठी घरातील जुन्या पोथीत दडलेली निघाली, तर ती जपण्यासारखी खचितच आहे.

बी. एन. अडारकर यांची गोष्ट संग्राहक विशेष आवडीने सांगतात. ते १९७० च्या मे-जूनमध्ये जेमतेम ४२ दिवस गव्हर्नर होते. त्याच सुमारास महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या नोटा चलनात आल्या होत्या. त्यांपैकी दोन, पाच, दहा आणि शंभर रुपयांच्या नोटांच्या मागील बाजूस बैठक मारून बसलेले गांधीजी आणि पार्श्वभूमीला वर्ध्याजवळचा सेवाग्राम आश्रम आहे. या नोटा आधी एल. के. झा यांच्या सहीने निघाल्या आणि नंतर अडारकरांच्या सहीने. त्यामुळे एकाच चित्राच्या नोटेचे दोन प्रकार झाले आणि संच पूर्ण करणाऱ्याला दोन्ही हवे असतात.

एक रुपयाची नोट मात्र वेगळ्या जातीची. ती रिझर्व्ह बँकेची नव्हे, भारत सरकारची. तिच्यावर गव्हर्नरची नव्हे तर वित्त सचिवाची सही असते आणि कायद्याच्या दृष्टीने ती ‘नाणे’ या व्याख्येत मोडते. १९१७ साली प्रथम निघालेल्या या नोटेची छपाई १९९४ मध्ये थांबली आणि २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाली. १९७६ नंतरच्या काही वर्षांतील एक रुपयाच्या नोटांवर डॉ. मनमोहन सिंग यांची वित्त सचिव म्हणून सही आहे. पुढे ते गव्हर्नर झाल्यावर तीच सही मोठ्या नोटांवर आली. पंतप्रधानांची सही म्हणून या नोटा मोठ्या भावाने विकण्याचा प्रयत्न होतो. त्या लाखोंनी छापल्या गेल्या होत्या, हे लक्षात ठेवावे.

सध्या वापरातल्या नोटांत आणखी एक खूण पाहता येते. २००५ पूर्वीच्या नोटांच्या मागील बाजूस छपाईचे वर्ष नसते. २०१४ च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेने अशा नोटा परत घेण्याचे जाहीर केले, त्या वैध राहिल्या तरी चलनात झपाट्याने कमी झाल्या. वर्ष नसलेली, न दुमडलेली दहा किंवा वीसची जुनी नोट दिसली तर बाजूला ठेवायला हरकत नाही.

छपाईतल्या चुका हा शोधाचा आणखी एक मार्ग. कागद दुमडला गेल्याने कोपऱ्याला राहिलेला जादा ‘कान’, दोन ठिकाणी वेगवेगळे छापलेले क्रमांक, एका बाजूची छपाईच नसणे अशा नोटा तपासणीतून क्वचित निसटतात. २०१७ च्या जानेवारीत मध्य प्रदेशातील श्योपूर जिल्ह्यात दोन हजारांच्या काही नोटांवर गांधीजींचे चित्रच नसल्याचे आढळले, तेव्हा घेणारे घाबरून बँकेत धावले होते. शाई पुसट होणे किंवा चित्र किंचित सरकणे याला मात्र कोणी चूक मानत नाही. रसायनाने शाई काढून ‘चूक’ तयार करणारे कारागीरही आहेत.

नाण्यावरचा ठिपका

नाणे हाती आले की आधी वर्षाच्या खाली पाहावे. तेथे टांकसाळीची खूण असते. मुंबई टांकसाळीची खूण चौकट, म्हणजे पत्त्यातल्या चौकटसारखी; हैदराबादची आजची खूण पाच कोनांचा तारा; नोएडाची गोल ठिपका; आणि कोलकात्याची कोणतीच नाही. एकाच वर्षाचे एकच नाणे या टांकसाळींतून कमी-अधिक संख्येने निघते, त्यामुळे वर्ष सर्वसामान्य असले तरी एखाद्या टांकसाळीचे नाणे दुर्मीळ ठरू शकते. संग्राहक एका वर्षाची चार नाणी जमवतो ती यासाठी.

नाण्यांची टंचाई असताना सरकारने १९८० आणि ९० च्या दशकांत काही नाणी परदेशी टांकसाळींतून पाडून आणली. १९८५ च्या एक रुपयावर ‘एच’ हे रोमन अक्षर असेल तर ते बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचे. पुढच्या काळातील काही नाण्यांवर दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरियाची लंबवर्तुळातील ‘एम’ किंवा स्लोव्हाकियातील क्रेम्निकाची खूण दिसते. यांपैकी बहुतेक नाणी महाग नाहीत, पण आपल्या भाजीवाल्याच्या चिल्लरमध्ये प्रिटोरियाचे नाणे सापडावे, ही गंमत वेगळीच.

स्मारक नाण्यांबाबत मराठी वाचकाला निवड करायला वाव आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जन्मशताब्दीचा १९९० चा रुपया, १९९९ ची छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपये आणि संत ज्ञानेश्वरांचा एक रुपया, २००२ चा संत तुकारामांचा रुपया, लोकमान्य टिळकांचे २००७ चे पाच रुपये, ही सर्व नाणी व्यवहारासाठी काढलेली होती. जुन्या डब्यात ती अजून निघतात. त्यांचा भाव फार नाही. परंतु केवळ सुट्ट्यांतून, एकही पैसा जादा न देता हा संच पुरा करणे वाटते तेवढे सोपे नाही. शंभर, दीडशे, हजार रुपये अशा मूल्यांची नाणी मात्र चलनासाठी नसतातच. ती टांकसाळ थेट संग्राहकांना विकते.

चुकीच्या नाण्यांत छाप एका बाजूला सरकलेले, चकतीचा तुकडा कापला गेलेले किंवा दोन्ही बाजूंचा मेळ चुकलेले नाणे शोधतात. शेवटचा प्रकार ओळखायला सोपा आहे. नाणे सरळ धरून पुस्तकाच्या पानाप्रमाणे उलटावे. मागची बाजू सरळ दिसायला हवी. ती थोडी तिरकी असेल तर विशेष नाही, पण पूर्ण आडवी किंवा उलटी असेल तर नाणे ठेवून द्यावे. दोन्ही बाजूंना छापाच असलेले नाणे सापडले तर हर्षभरित होऊ नये. बहुतेक वेळा ती दोन नाणी कापून जोडलेली, जादूगाराच्या उपयोगाची वस्तू असते.

आणि एक विनंती : नाणे घासू नये. चिंच, लिंबू, राख, दात घासायची पावडर यांपैकी काहीही नको. मूळ पृष्ठभाग गेला की दुर्मीळ नाण्याचीही किंमत कोसळते. नोटेला इस्त्री करणे, चिकटपट्टी लावणे, लॅमिनेट करणे हेही तसेच. २००१ पूर्वी बँका नोटांची पुडकी टाचत असत, त्यामुळे त्या काळातील अगदी कोऱ्या नोटेलाही टाचणीची भोके असतात. तेवढा दोष संग्राहक चालवून घेतात.

कायदा काय सांगतो?

पंचवीस पैसे आणि त्याखालील नाणी ३० जून २०११ नंतर चलनातून बाद झाली. ती जवळ बाळगायला बंदी नाही. पन्नास पैसे मात्र आजही वैध आहेत, दुकानदाराने नाक मुरडले तरी. दहा रुपयांच्या नाण्याच्या चौदाही नमुन्यांना वैधता असल्याचे रिझर्व्ह बँकेने २०१८ च्या जानेवारीत स्पष्ट केले होते. नाणी वितळवणे हा २०११ च्या नाणे कायद्यानुसार गुन्हा आहे.

२०१६ च्या नोटाबंदीत बाद झालेल्या पाचशे-हजारांच्या नोटांबाबत विशेष सावध राहावे. २०१७ च्या कायद्यानुसार अशा दहापर्यंत, आणि अभ्यास, संशोधन वा नाणेसंग्रहासाठी पंचवीसपर्यंतच नोटा ठेवता येतात. त्याहून अधिक सापडल्यास किमान दहा हजार रुपये किंवा नोटांच्या दर्शनी मूल्याच्या पाचपट, यांतील जी रक्कम मोठी असेल तेवढा दंड होऊ शकतो. शंभर वर्षांहून जुनी नाणी परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. शेतात किंवा घराच्या पायात नाण्यांचे मडके सापडले, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे.

पैसे बुडतात कुठे?

फसवणुकीची पद्धत बहुतेक वेळा एकच असते. जुन्या नाण्याचे छायाचित्र पाठवा, असे सांगितले जाते. पाठवले की ‘कंपनी’कडून लाखांचा प्रस्ताव येतो. मग नोंदणी शुल्क, नंतर कर, त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या ‘मंजुरी’ची रक्कम. कधी बँकेच्या नावाचे पत्रही येते. निवृत्तिवेतनावर जगणारी ज्येष्ठ मंडळी यात हमखास अडकतात, कारण पहिली रक्कम लहान असते आणि समोर दिसणारी रक्कम फार मोठी. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी निवेदन काढून सांगितले आहे की, अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही, ती त्यावर शुल्क वा दलाली घेत नाही आणि तिच्या वतीने तसे करण्याचा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही. आपली वस्तू विकताना विकणाऱ्यानेच आधी पैसे भरायचे, असा प्रामाणिक व्यवहार नाणेबाजारात होत नाही.

दुसरा प्रकार जुना आहे. एका बाजूला रामदरबार किंवा हनुमान आणि दुसऱ्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८’ असे लिहिलेली तांब्याची नाणी दाखवून त्यांत अद्भुत शक्ती असल्याचे, ती तांदूळ ओढून घेत असल्याचे सांगतात. ‘राइस पुलर’ या नावाने चाललेल्या या धंद्यात अनेकांनी मोठ्या रकमा गमावल्या आहेत. कंपनीने अशी नाणी कधीही पाडली नाहीत. ती यात्रेत विकण्याजोगे बिल्ले आहेत.

संकेतस्थळांवर एखाद्या नाण्यासमोर पाच लाखांचा आकडा दिसला, तर तो मागणाऱ्याचा आकडा आहे, देणाऱ्याचा नव्हे. खरा भाव पाहायचा तर नाण्यांच्या नामांकित लिलावांत तसलेच नाणे, त्याच अवस्थेत, प्रत्यक्ष कितीला गेले ते पाहावे. शिवाय एकाच विक्रेत्याच्या शब्दावर न थांबता दोन-तीन ठिकाणी विचारावे. मोठ्या शहरांत भरणारी नाण्यांची प्रदर्शने त्यासाठी सोयीची, कारण तेथे अनेक विक्रेते एकाच छताखाली असतात आणि विकत न घेताही बोलता येते.

डोळा तयार करण्यासाठी मुंबईत फोर्ट परिसरातील सर फिरोजशाह मेहता रस्त्यावर रिझर्व्ह बँकेचे नाणेसंग्रहालय आहे. ते २००४ साली सुरू झाले. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणेशास्त्राच्या संशोधनाला वाहिलेली संस्था आणि तिचे संग्रहालय आहे. ज्यांच्याकडे वारशाने आलेली पेटी आहे त्यांनी ती विकायला काढण्याआधी प्रत्येक नाण्याचे वर्ष, खूण आणि वजन वहीत लिहून काढावे, दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. चांदीचे रुपये असतील तर १९३९ पर्यंतच्या रुपयात सुमारे ९२ टक्के चांदी असते, १९४० ते ४५ च्या रुपयात निम्मीच आणि १९४६-४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा आहे. सराफाच्या तराजूवर तिन्ही एकत्र टाकले जाऊ नयेत, एवढ्यासाठी तरी ती वही करावी.